जवळची वाट आणि लांबची वाट

(निर्गम १३ : १७-२२, प्रेषितांची कृत्ये १६ : ६-१५)



इस्राएल लोक मिसर देशातून निघाले तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. समुद्राच्या काठाकाठाने पलिष्ट्यांच्या मुलखातून जाणारी वाट जवळची होती. त्या वाटेने कनान देश थोड्याच मजलांवर होता. दुसरी वाट रानातून, तांबड्या समुद्राकडून वळसा घेऊन जाणारी. देवाने त्यांस ह्या दुसऱ्या वाटेने नेले. पहिली जवळची होती हे शास्त्रकर्ता लपवीत नाही, उलट ते स्पष्ट सांगून मग तो कारण देतो. ते कारण असे की, युद्ध दृष्टीस पडताच ह्या लोकांचे मन पालटेल आणि ते मिसराकडे तोंड फिरवतील, हे देवास ठाऊक होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्याच्या धाकाखाली विटा थापल्या, त्यांच्या अंगी एका रात्रीत तरवार धरण्याचे बळ कोठून येणार?

ह्या कारणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. वाट बंद झाली की आमच्या मंडळ्यांतून दोनच बोल ऐकू येतात : देव रागावला, किंवा आमच्या घरात काही पाप आहे. येथे दोहोंपैकी एकही नाही. चाळीस वर्षांची भटकंती ही पुढची गोष्ट, आणि ती अविश्वासाची शिक्षा होती हे खरे. परंतु ह्या तेराव्या अध्यायात अजून कोणी कुरकूरही केलेली नाही. लांबची वाट ही येथे शिक्षा नव्हे. बापाने लेकराची चाल पाहून धरलेली वाट आहे ती. पाठीवर ओझे घेतलेली आई डोंगर उतरताना लहान मुलास हातास धरून वळणाच्या पायवाटेने उतरते. ती एकटी असती तर सरळ उतरली असती.

आमच्या किनाऱ्यावरील लोकांस हे फार समजावून सांगावे लागणार नाही. मुरबे आणि सातपाटी ही दोन गावे खाडीच्या दोन तीरांवर आहेत. डोळ्यांनी पाहिले तर अंतर ते काय! परंतु होडी नसली म्हणजे आत वळून लांबचा फेरा घेतल्यावाचून एका गावचा मनुष्य दुसऱ्या गावी कित्येक पिढ्या पोहोचलेला नाही. ओहोटी पाहून जो उतावळा गडी गाळातून सरळ जाऊ म्हणतो, तो गुडघाभर रुतून बसतो. आणि भरती काही त्याच्यासाठी थांबत नाही.

आता प्रेषित पौलाकडे पाहा. तो, सीला व तीमथ्य फ्रुगिया व गलतीया प्रांतांतून जात असता आशियात वचन सांगू नये अशी पवित्र आत्म्याने मनाई केली. बरे, तिकडे नाही तर उत्तरेस बिथुनियात जाऊ, म्हणून मुसियाच्या सरहद्दीपर्यंत आले, तो तेथेही मनाई. मनाई कोणत्या रीतीने झाली हे लूक सांगत नाही. आजार आला, की रस्त्यात धोका उभा राहिला, की अंतःकरणात सूचना झाली? शास्त्र जेथे मुके आहे तेथे उपदेशकाने बोलके होऊ नये. इतके मात्र खरे की, डावीकडची वाट बंद, उजवीकडची वाट बंद, आणि परत फिरण्याची आज्ञाही नाही. मग पौलाने काय केले? जी वाट मोकळी होती तिने तो कित्येक दिवसांच्या मजला मारीत त्रोवस बंदरापर्यंत चालत गेला. तेथे जमीन संपली, पुढे पाणी. तेथे रात्री त्यास मासेदोनियाच्या मनुष्याचा दृष्टांत झाला.

दृष्टांताची गोष्ट आम्हांस फार आवडते. तिच्या पुढचे वचन आम्ही घाईने वाचतो. दहाव्या वचनात लूक प्रथमच ‘आम्ही’ असे लिहू लागतो, आणि म्हणतो की देवाने आम्हांस तिकडे बोलाविले आहे असे आम्ही अनुमान केले. स्वप्न एकट्या पौलास पडले, पण त्याचा अर्थ चौघांनी मिळून ठरविला. पौलासारख्या प्रेषिताने जे सोबत्यांपुढे ठेविले ते आम्ही, काल रात्री मला दर्शन झाले असे सांगून, सकाळी मंडळीवर कसे लादावे? देवाचे मार्गदर्शन बहुधा एकट्याच्या उशाशी संपत नाही. वचन, प्रार्थना, मंडळीतील वडील माणसांचा विचार आणि समोर आलेली परिस्थिती ही सारी एका दिशेस बोट दाखवू लागली म्हणजे मनुष्याने पाऊल उचलावे.

आणखी पाहा. दृष्टांतात मनुष्य दिसला, पण फिलिप्पैत पहिली कोण भेटली? नदीकाठी प्रार्थनेस जमलेल्या बायका, आणि त्यांत जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया. पुढे थोड्याच दिवसांत पौल व सीला यांच्या पाठीवर छड्या पडल्या व पाय खोड्यात अडकले. मार्गदर्शन खरे होते म्हणून वाट सोपी झाली नाही. पुष्कळ जण ह्याच ठिकाणी ठेचाळतात : आम्ही प्रार्थना करून हे काम धरिले, मग त्यात दुःख का? फिलिप्पैच्या बंदिशाळेत मध्यरात्री गाणारे ते दोघेजण ह्या प्रश्नाचे उत्तर आहेत.

अशीच बंद दारांची एक गोष्ट आमच्या महाराष्ट्रात घडलेली आहे, आणि ती प्रत्येक उपदेशकास ठाऊक असावी असे आम्हांस वाटते. १८१२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात काही तरुण मिशनरी अमेरिकेतून जहाजांत बसून हिंदुस्थानास निघाले. त्यांत गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व अदोनिराम जडसन हे होते. ते कलकत्त्यास उतरले, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांस देश सोडण्यास फर्माविले. त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपले होते, तेव्हा अमेरिकन मनुष्याकडे कोण प्रेमाने पाहणार? जडसन मॉरिशस बेटावरून फिरत फिरत १८१३ च्या जुलैत ब्रह्मदेशात रंगून येथे पोहोचला. हॉल व नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. तेथे तरी दार उघडे असेल? नाही, ह्यांस इंग्लंडास रवाना करावे असा कलकत्त्याचा हुकूम आला. तेव्हा ते दोघे गुपचूप सिलोनच्या वाटेस लागले. कोचीनपर्यंत गेले, आणि तेथे अडवून त्यांस पुन्हा मुंबईस आणण्यात आले.

त्यांचा हेतू शुद्ध होता ह्यात संशय नाही. तरी आमच्या मते सिलोनचा तो प्रवास म्हणजे जवळची वाट होती. ज्या शहरातून ते निघून गेले त्याच शहरात देवास त्यांचे काम पाहिजे होते. परत आल्यावर त्यांनी दुसरी रीत धरिली. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन ह्यांस त्यांनी आपले म्हणणे नम्रपणे पण निर्भयपणे लिहून कळविले आणि उत्तराची वाट पाहत राहिले. त्याच १८१३ साली विलायतेत पार्लमेंटने कंपनीची सनद नवी केली, तीत मिशनऱ्यांस ह्या देशात येण्याची मोकळीक झाली, आणि हॉल व नॉट मुंबईतच राहिले.

दार उघडले म्हणजे पीक लगेच घरात आले असे नाही. १८१५ साली नॉट आजारामुळे परत गेला. हॉल मराठी शिकला, रस्त्यांवर व देवळांपाशी लोकांशी बोलला, शाळा चालविल्या, नव्या कराराच्या भाषांतरास हात लाविला. पहिला बाप्तिस्मा केव्हा झाला? १८१९ साली, कादिर यार खान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाचा. सहा वर्षांहून अधिक काळ रोजचे काम आणि पदरात एकही नाव नाही! नवल हे की रंगून येथे जडसनच्या हातून पहिल्या ब्रह्मी मनुष्याचा, मौंग नौ ह्याचा, बाप्तिस्मा झाला तोही १८१९ सालीच. एकाच दारातून माघारी फिरविलेले दोघे, समुद्राच्या दोन काठांवर, सारखीच वर्षे थांबले होते. १८२६ च्या मार्चात नाशिककडील प्रवासात पटकीच्या साथीने हॉल वारला, तेव्हा तो अवघा एकेचाळीस वर्षांचा होता. त्याच १८२६ साली मराठी नवा करार छापून पुरा झाला.

ह्या थांबण्याविषयी आम्हांस थोडे अधिक सांगावयाचे आहे, कारण धीर ह्या शब्दाचा अर्थ आमच्यात फार बिघडला आहे. ओट्यावर बसून आभाळाकडे पाहणे ह्यास पुष्कळ जण धीर म्हणतात. डोल जाळे लावणाऱ्या कोळी बांधवास विचारा. समुद्रात खुंट ठोकून तो जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे करतो. मग भरती-ओहोटीचे पाणी जाळ्यातून वाहते आणि बोंबील, जवळा त्यात शिरतात. पाण्याचा जोर असता ते जाळे ओढू म्हटले तर ओढवत नाही. पाणी स्तब्ध होण्याची घटका पाहावी लागते. त्या घटकेवर त्याची सत्ता नाही, चंद्राची आहे. पण म्हणून तो निजतो काय? तिथी मोजतो, दोर तपासतो, फाटलेले विणतो. घटका आली आणि जाळे फाटलेले असले तर वाट पाहून काय मिळविले?

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला दिला आहे : तो पहिल्या व शेवटल्या पावसाची वाट पाहतो. आमच्या वारली व कोकणा बंधूंनी हे वचन वाचावे आणि आपल्या शेताकडे पाहावे. पाऊस येण्याच्या पुष्कळ आधी, उन्हाच्या तापात, पाला व शेण पसरून राब भाजावा लागतो. मग पेरणी, मग आवण हातभर होईपर्यंत दम, मग चिखलात वाकून आवणी. ज्याने राब भाजला नाही तो पहिल्या पावसास ‘देवा, तू उशीर केलास’ असे म्हणू शकत नाही. रानातील इस्राएल लोकांचेही तसेच. गणना नवव्या अध्यायात लिहिले आहे की मेघ निवासमंडपावर दोन दिवस राहो, महिना राहो की त्याहून अधिक काळ राहो, तोपर्यंत तळ हालत नसे. पण तळ हालला नाही म्हणून मान्ना गोळा करणे कोणास चुकले नाही. ते रोज पहाटे उठून करावयाचे होते, आणि उद्याचे आज साठविले तर त्यात किडे पडत.

आता जवळच्या वाटेच्या मोहाविषयी. अब्राहामास वचन मिळाले होते. कनानात राहून दहा वर्षे झाली, मूल नाही. सारेने तोड काढिली, हागारेस पुढे केले, आणि अब्राहाम शहाऐंशी वर्षांचा असता इश्माएल जन्मला. वचनाचा पुत्र इसहाक जन्मला तो अब्राहाम शंभर वर्षांचा झाल्यावर. मधल्या चौदा वर्षांत त्या घरात किती रडणे झाले, आणि त्यात अधिक दुःख कोणास झाले? बिचाऱ्या हागारेस, जिचा काही अपराध नव्हता. आमची घाई आम्हांसच बाधते असे नाही. घरातील दुबळ्या माणसास ती आधी बाधते.

आमच्या भागात ही जवळची वाट कोणकोणत्या वेषाने येते हे वाचक जाणतातच. तारापूर-बोईसरच्या कारखान्यांच्या फाटकांपाशी आमची मुले सकाळी उभी असतात. कोणी आयटीआयचा दाखला घेऊन आलेला, कोणी दहावी झालेला. कंत्राटदाराच्या हाताखाली काही महिने काम, मग सुट्टी, मग पुन्हा नवा कंत्राटदार. अशा मुलास कोणी दलाल भेटतो : इतके रुपये दे, तुला कायम करतो. बाप जमीन गहाण ठेवतो किंवा आईच्या गळ्यातले जाते. दिवाळी झाल्यावर वीटभट्टीवर जाणारे कुटुंब आधी उचल घेते व मग वर्षभर ती फिटत नाही. पोटासाठी जो उचल घेतो त्या बंधूस आम्ही दोष देत नाही. त्याची भाकर आम्ही दिली नसता त्यास उपदेश कोणत्या तोंडाने करावा? परंतु मंडळीने आपसांत बचत गट धरून ती उचल घेण्याची वेळ टाळता येते काय, हा विचार उपासना झाल्यावर अवश्य करावा. एका घराचा धीर सुटतो तेथे चार घरांचा मिळून टिकतो.

दुसरा वेष अधिक सूक्ष्म आहे. पुढचे कळावे म्हणून पूर्वी आमचे लोक भगताकडे जाऊन तांदळाचे दाणे पाहत. ते सोडले. पण कित्येक जण आता डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतात, पानावर बोट ठेवतात, आणि बोटाखाली जे वचन येईल ते आपले भविष्य समजतात. कोणी चिठ्ठ्या टाकतो. कोणी मोबाइलवर दूरच्या प्रवक्त्याचा निरोप ऐकतो की ह्या महिन्यात तुझी नोकरी होणार, आणि त्यास पैसे पाठवितो. बंधूंनो, दाणे गेले व बोट आले, इतकाच हा फरक! देवाने आपले वचन आम्हांस चालण्यासाठी दिवा म्हणून दिले. दिवा पुढच्या पावलापुरता उजेड देतो. डोंगरापलीकडचे गाव तो दाखवीत नाही, आणि चालणाऱ्यास त्याची जरुरी पडत नाही.

तसेच सर्वच थांबणे म्हणजे धीर नव्हे. शेतात सर्प चावला, बाळंतिणीस रात्री अडले, लेकराचा ताप तिसऱ्या दिवशी उतरत नाही, अशा वेळी प्रार्थना करीत घरी बसणे ही हयगय होय. गाडी बोलवा, दवाखान्याकडे निघा, आणि गाडीत बसून प्रार्थना करा. ती तितकीच ऐकली जाते.

आणि अन्यायापुढे मान घालून गप्प राहणे ह्यासही आम्ही धीर म्हणणार नाही. ह्याच मुलखात, डहाणू व उंबरगाव तालुक्यांत, वारली लोकांस सावकार व जमीनदार पिढ्यान्‌पिढ्या ‘दम धरा’ असेच सांगत आले. १९४५ साली वारली उठले व वेठ करण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा कोठे ती वेठ मोडली. पुढे आमच्या काळात तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ह्या गावांस आपली जागा सोडावी लागली. ते संच २००५ व २००६ साली वीज देऊ लागले. गावकरी मात्र पुनर्वसनाच्या हक्कासाठी अर्ज करीत, न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. लूक अठराव्या अध्यायातील विधवा ह्याच जातीची आहे. न्यायाधीश देवास भीत नव्हता, माणसास जुमानीत नव्हता. ती मात्र पुन्हा पुन्हा येत राहिली. प्रभूने तिला उतावळी म्हटले नाही. प्रार्थनेत खचू नये म्हणून त्याने तिचाच दाखला दिला. मग देवाने बंद केलेली वाट कोणती व मनुष्याने अडविलेली कोणती, हे ओळखावे कसे? सदैव सोपे नाही. परंतु दुबळ्याचा हक्क बुडवून जी वाट बंद झाली ती देवाने बंद केली, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

शेवटी आमच्या उपदेशक बंधूंस दोन शब्द. तुम्ही पाड्यापाड्यांतून चालता. एखाद्या गावी पाच वर्षे जाऊनही दोनच घरे दार उघडतात. वरिष्ठांस अहवाल पाठविताना हात जड होतो. आमच्या ह्या भागातील जुन्या मंडळ्यांची गोष्ट आठवा. ब्रदरन मंडळीचे विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी व बर्था रायन ही १८९४ साली हिंदुस्थानात आली व वलसाड येथे राहिली. तेथून ते काम दक्षिणेस डहाणू, पालघर, वाडा इकडे पसरले. पुढे १९२९ साली लखनौ येथे उत्तर हिंदुस्थानातील निरनिराळ्या मंडळ्यांनी एक होण्याची बोलणी सुरू केली, आणि एकी झाली ती १९७० च्या २९ नोव्हेंबरास नागपूर येथे; तीत ब्रदरन मंडळीही होती. एकेचाळीस वर्षे! बोलणी सुरू करणारांपैकी कितीजण तो दिवस पाहण्यास राहिले असतील? नंतरही सर्व मने जुळली असे नाही. तरी ज्यांनी पहिली बैठक भरविली त्यांनी ती आपल्या हयातीच्या मापाने भरविली नव्हती.

निर्गमाच्या त्याच तेराव्या अध्यायात, लांबच्या वाटेच्या वचनाला लागूनच, एक लहानसे वचन आहे. वाचताना ते बहुधा निसटते. मोशेने योशेफाची हाडे बरोबर घेतली. योशेफाने मरताना इस्राएलाच्या वंशजांकडून शपथ घेतली होती की देव तुमची भेट घेईल तेव्हा माझी हाडे येथून न्या. तो स्वतः कनानाकडे निघू शकला नाही. मिसरात पेटीत पडून राहिला. पण देव भेट घेईल ह्याविषयी तो इतका निश्चिंत होता की आपल्या प्रवासाची तजवीज त्याने आधीच करून ठेविली. मग रानातील ती सर्व वर्षे, मेघ थांबला की थांबत आणि हालला की हालत, तांबूंच्या त्या मोठ्या तळाबरोबर एक पेटीही चालत होती. मोशे नबो डोंगरावर मेला, त्यास पलीकडे जाता आले नाही. पेटी यार्देनेपार गेली. यहोशवाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, यहोशवाच्या मृत्यूनंतर, लिहिले आहे की याकोबाने शखेमात विकत घेतलेल्या शेतात इस्राएल लोकांनी योशेफाची हाडे पुरली.